ग्रॅमभर भुकटीत तीन गुंठे

मुरबाडच्या बाजारपेठेत हल्ली मला लांबून बघितलं की लोक रस्ता बदलतात. उधारीमुळे नव्हे, उधारी उलट माझीच त्यांच्याकडे आहे. मी भातगिरणीवाला. पण एक गोष्ट मला कळलीय आणि ती मला गप्प बसू देत नाही. एसटी स्टँडसमोर कोणी मोटारसायकलला टेकून चहा पीत असला की मी विचारतो, "गाडी बीएस-६ची ना? मग सायलेन्सरमध्ये प्लॅटिनमच्या घराण्यातला धातू आहे, माहितीये तुला?" तो आधी सायलेन्सरकडे बघतो, मग माझ्याकडे. त्याला वाटतं चोरीची चौकशी चाललीय. मी सांगत सुटतो: आत एक जाळीदार ठोकळा असतो, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अगदी पातळ लेप, आणि इंजिनातून निघालेला विषारी कार्बन मोनॉक्साइड त्यावरून जाताना साधा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. हजारो किलोमीटर गाडी पळते, धातू तिथेच. तोवर त्याचा चहा संपलेला असतो.

युरियाची गोण खांद्यावर घेतलेल्या शेतकऱ्यालाही मी सोडत नाही. हवेतला नायट्रोजन फुकट, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर नावाच्या जर्मन माणसाने त्याचा हायड्रोजनशी संयोग घडवून अमोनिया केला, आणि १९१३ मध्ये कार्ल बॉशने त्याचा कारखाना उभा केला. कशाच्या जोरावर? लोखंडाच्या! त्या लोखंडाच्या शोधात बॉशच्या माणसांनी हजारो प्रयोग केले होते. आज अलिबागजवळच्या थळला आरसीएफच्या कारखान्यात अमोनिया होतो, त्याचा युरिया होतो, आणि तो आमच्या खाचरात पडतो. म्हणजे माझ्या गिरणीत येणाऱ्या भाताच्या मुळाशीसुद्धा लोखंडाची भुकटीच निघाली. आणि डालडा? १९३७ पासून घराघरांत शिरलेलं ते तूप म्हणजे हायड्रोजन घातलेलं तेल, आणि तो घालायला निकेल. साबातिए या फ्रेंच माणसाला त्या निकेलच्या विद्येबद्दल १९१२ चं नोबेल मिळालं होतं. आमच्या लहानपणी डालड्याच्या डब्यात तुळस लावायचे. डब्यामागचं नोबेल कोणी सांगितलं नाही!

या सगळ्याचं नाव उत्प्रेरक. शाळेत दोन गुणांसाठी पाठ केलेला शब्द. 'जो अभिक्रियेचा वेग वाढवतो परंतु स्वतः बदलत नाही तो', खाली रेघ, पुढचा प्रश्न.

खापर फोडायचं तर माझ्या पुतणीवर. ती केमिकल इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करते. घरात विचारलं तर आम्ही सांगायचो, "ती केमिकलचं काहीतरी करते." दिवाळीला आली, गिरणीच्या मागे गेली, आणि तुसाच्या ढिगासमोर उभी राहून म्हणाली, "काका, पिशवीभर तूस न्यायचंय मला."

"कशाला? तिकडे म्हशी पाळल्यास काय?"

"सिलिका काढायचीय यातून."

आता हे तूस म्हणजे माझ्या जन्माचा वैताग. क्विंटलभर भात भरडलं की वीसेक किलो तूस निघतं. गुरं खात नाहीत, कुजत नाही, वाऱ्याने उडून शेजाऱ्याच्या ओसरीवर जातं. शहापूर-मुरबाडच्या वीटभट्टीवाल्यांनी ट्रॉलीने उचलून नेलं तर देव पावला. आणि ही पोरगी ते ओंजळीत घेऊन असं बघत होती की मला माझ्याच ढिगाबद्दल जरा आदर वाटायला लागला. मग ओसरीवर बसून तिने समजावलं. रात्रीचं जेवण थंड झालं, तिच्या काकूचा पारा चढला, पण मी उठलो नाही.

तूस गुरं का खात नाहीत? त्यात वाळू असते म्हणून. भाताचं रोप मातीतली सिलिका शोषतं आणि तुसात साठवतं. आम्लाने धुऊन तूस नीट जाळलं की पांढरी शुभ्र राख उरते, जवळजवळ निव्वळ सिलिका, आणि तिच्यात डोळ्यांना न दिसणारी कोट्यवधी भोकं. तिने विचारलं, "काका, अशा चांगल्या भुकटीच्या एका ग्रॅमचा आतला-बाहेरचा सगळा पृष्ठभाग उलगडून अंथरला तर किती भरेल?"

मी म्हटलं, "रुमालाएवढा."

"तीनशे चौरस मीटर. आणखी मेहनत घेऊन बनवलेल्या काही प्रकारांत हजार."

गुंठा म्हणजे एकशे एक चौरस मीटर, हे आम्हाला सातबाऱ्याने रक्तात भिनवलंय. म्हणजे चिमटीतल्या भुकटीत तीन गुंठे! हजार म्हणजे दहा गुंठे, पाव एकर! आमच्याकडे तीन गुंठ्यांसाठी सख्खे भाऊ कल्याणच्या कोर्टात वीस वर्षं तारखा करतात. या जमिनीवर मग निकेलचे, तांब्याचे, प्लॅटिनमचे कण पेरायचे. रसायनांच्या भेटीगाठी तिथेच होतात. जागा जितकी जास्त, तितका महाग धातू कमी लागतो. मी उठून हात धुतले आणि पुन्हा येऊन बसलो.

पण भेट झाली म्हणजे नक्की काय झालं? हे मात्र मला माझ्याच तालुक्याने समजावलं. वैशाखरे गावावरून नाणेघाट चढला असाल तर तुम्हालाही लगेच पटेल. खाली आमचं कोकण, वर जुन्नर, मध्ये सह्याद्रीची भिंत. भिंतीवरून सरळ चढायचं तर शंभरातला एखादा जिवावर उदार होऊन जाईल. सातवाहनांच्या काळात तिथे खडक फोडून वाट केली, आणि मालाने लादलेले तांडे जा-ये करू लागले. त्या वाटेने कोकण वर उचललं नाही की जुन्नर खाली आणलं नाही. दोन्ही टोकं आहेत तिथेच, फक्त मधली चढण आटोक्यात आली. जी वाट चढायला तीच उतरायला. हजारो वर्षं माणसं गेली, वाट कुठे गेली नाही. उत्प्रेरक अगदी हेच करतो: टोकं बदलत नाही, मधला डोंगर बुटका करतो, आणि तोही दोन्ही बाजूंनी. नाणेघाटात जकातीचा दगडी रांजण तरी आहे. हा पठ्ठ्या जकातही घेत नाही! पुतणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "काका, दरड कोसळते तेही सांगा लोकांना." खरंच, वापरून वापरून भुकटीवर काजळी धरते, वायूत गंधक असेल तर ते धातूला चिकटून बसतं, आणि वाट बंद होते. मग काजळी जाळून काढायची, नाहीतर भुकटी बदलायची. या धंद्यातली निम्मी डोकेदुखी तीच म्हणे.

आता खरी गंमत. हे लिहिताना अजून हात थरथरतो. तूस मोकळ्या हवेत पेटवलं तर धूर आणि राख. पण कमी हवेत खूप तापवलं तर त्याचा वायू होतो, त्यातला जळणारा भाग मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. तूसच कशाला, पेंढा, गवत, काटक्या, पालापाचोळा, काहीही चालतं. हे वायू गाळून, धुऊन निकेलवरून सोडले तर मिथेन मिळतो, रिक्षातल्या सीएनजीत असतो तोच. तेच वायू तांबं, जस्त आणि अॅल्युमिनाच्या मिश्रणावरून दाबाखाली सोडले तर मिथेनॉल. तेच लोखंडावरून किंवा कोबाल्टवरून सोडले तर डिझेलसारखं तेल. फिशर आणि ट्रॉप्श या दोघांनी ते १९२० च्या दशकात जर्मनीत करून दाखवलं. ताप आणि दाब इकडेतिकडे बदलावा लागतो, पण माल एकच. माझ्या गिरणीत कोलम टाकला तर कोलम निघतो, झिनी टाकली तर झिनी. चाळीस चाळण्या बदलल्या तरी झिनीचा कोलम होणार नाही. आणि इथे भुकटी बदलली की निघणारा मालच दुसरा!

त्या मिथेनॉलची गोष्ट तिथेच संपत नाही. ते एका घन आम्लावरून पाठवलं की त्यातलं पाणी निघून डायमिथाइल ईथर होतं, डीएमई. थोड्या दाबाखाली हे घरगुती गॅससारखं द्रव होऊन टाकीत बसतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत टी. राजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवसाला वीस-चोवीस किलो डीएमई देणारं पथदर्शी संयंत्र उभं केलं, आणि त्यावर चालणारी खास शेगडीही केली. शेगडीचं नाव 'अदिती ऊर्जा संच'. डीएमईच्या रेणूत कार्बनला कार्बन जोडलेलाच नसतो, त्यामुळे ते जळताना काजळी धरत नाही. काजळी धरत नाही! आमच्याकडच्या कुठल्याही पाड्यावरच्या झोपडीत जाऊन छताच्या आतल्या बाजूला हात लावून बघा, म्हणजे या वाक्याची किंमत कळेल. टोकावड्यापासून डोळखांबपर्यंत कातकरी आणि ठाकर बायका डोक्यावर मोळी घेऊन रस्त्याच्या कडेने चालताना अजून दिसतात. उज्ज्वलाचं सिलिंडर कोपऱ्यात असतं, पण ते पुन्हा भरायचं तर रोख पैसे लागतात, आणि लाकडाला पायपीट. चूल पेटतेच.

एवढं कळल्यावर मी वाचत सुटलो. जे मिळेल ते. इंग्रजी अडलं की पुतणीला फोन. ती प्रयोगशाळेतून दबक्या आवाजात सांगायची, "काका, रात्री बोलू." आणि वाचता वाचता मला गणपती यादव सापडले.

कोल्हापूर जिल्ह्यातलं अर्जुनवाडा हे त्यांचं गाव, जन्म १९५२ चा. तिथला हा मुलगा माटुंग्याच्या यूडीसीटीत आला, १९७४ मध्ये केमिकल इंजिनिअर झाला, प्रा. मनमोहन शर्मा यांच्या हाताखाली १९८० मध्ये डॉक्टरेट झाला, आणि पुढे त्याच संस्थेचा पहिला कुलगुरू झाला. १९३३ मध्ये सुरू झालेली ती संस्था आता इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, आयसीटी. २०१६ मध्ये यादवांना पद्मश्री मिळाली, २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं. आणि मी, त्यांच्या माटुंग्यापासून दोन-तीन तासांवर राहणारा माणूस, त्यांचं नाव आत्ता ऐकतो! क्रिकेटमधल्या बाराव्या गड्याची जन्मतारीख मला पाठ आहे.

यादवांनी आयुष्य घातलं ते घन उत्प्रेरकांत, विशेषतः घन आम्लांत. ते का मोलाचं, हे समजायला मुरबाड-शहापूरकराने फक्त कल्याणला उतरून वालधुनी नदीच्या पुलावर उभं राहावं. नाकाला रुमाल लावूनच. रंग, औषधं, सुगंध बनवणाऱ्या कारखान्यांत पूर्वापार द्रव आम्लं किंवा अॅल्युमिनियम क्लोराइड वापरतात. काम झालं की ते मालातून वेगळं करायला पाणी ओतायचं, चुना-सोडा घालून मारायचं, आणि उरलेला खारट चिखल सोडून द्यायचा. काही प्रक्रियांत तर मालाइतकंच ते रसायन खर्ची पडतं. म्हणजे उत्प्रेरक म्हणून घेतलेला मजूर एका दिवसात मेलाच. यादवांनी आम्लाचा गुण घन भुकटीत आणला: गंधकाम्लाचा संस्कार केलेलं झिर्कोनिया, टंगस्टनची हेटरोपॉली आम्लं बसवलेली माती. होय, माती! माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती. काम झालं की गाळून घ्या, धुवा, वाळवा, पुन्हा घाला. झिर्कोनियावरच्या अशा भुकट्यांच्या एका मालिकेला त्यांनी आपल्या संस्थेच्या जुन्या नावावरून 'यूडीकॅट' नाव दिलं. कृतज्ञतेची ही तऱ्हा मला फार आवडली. आमच्याकडे लोक चौकाला नाव देतात, या माणसाने भुकटीला दिलं.

इथून ऊर्जेकडे जायची वाट सरळ आहे. तूस, बगॅस, दाणे काढलेली मक्याची कणसं यांतून फरफ्युरल नावाचं तेलकट रसायन निघतं. बायोडिझेल करताना ग्लिसरीन उरतं. यांचं पुढे उपयोगी इंधन किंवा रसायन करायचं यावर त्यांच्या प्रयोगशाळेतून कितीतरी काम झालं. अडचण अशी की झाडपाल्याच्या रेणूंत ऑक्सिजन फार, म्हणून ते पेट्रोलइतके जोमाने जळत नाहीत. तो ऑक्सिजन पाण्याच्या रूपात काढून टाकायला हायड्रोजन लागतो. युरियालाही हायड्रोजन. डालड्यालाही. जिकडे जावं तिकडे हायड्रोजन! आणि आज तो बहुतेक नैसर्गिक वायूपासून निघतो, मागे कार्बन डायऑक्साइडचा लोट ठेवून.

मग स्वच्छ हायड्रोजन आणायचा कुठून? पाण्यातून. पण नुसत्या उष्णतेने पाणी फोडायचं तर दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. यादवांच्या चमूने ओएनजीसी एनर्जी सेंटरबरोबर ज्या तांबे-क्लोरीन चक्रावर काम केलं ते वाचून मी खुर्चीतून उठलोच. तांबं आणि क्लोरीन यांची संयुगं एकातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी फिरत राहतात. एका टप्प्यावर हायड्रोजन सुटतो, एका टप्प्यावर ऑक्सिजन, आणि सगळ्यात गरम टप्पा साधारण साडेपाचशे अंशांचा. चक्र पुरं झालं की तांबं आणि क्लोरीन होते तेवढेच हातात. आत गेलं फक्त पाणी. पुतणी म्हणते याला काटेकोरपणे उत्प्रेरण म्हणत नाहीत, उष्मा-रासायनिक चक्र म्हणतात. म्हणोत. मला ते दोघं भाऊच दिसतात.

पाणी म्हटलं की शहापूरचा माणूस कान टवकारतो, आणि टवकारायलाच हवेत. एक किलो हायड्रोजनला निदान नऊ किलो पाणी लागतं. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय, आज शहराच्या तहानेचा निम्म्याच्या आसपास भार भातसा उचलतं, आणि त्याच शहापूर तालुक्यात एप्रिल-मे उजाडला की पाड्यांवर टँकर. धरण उशाला, कोरड घशाला. तेव्हा उद्या कोणी हिरव्या हायड्रोजनचा प्रकल्प घेऊन इकडे आलाच तर पहिला प्रश्न पाण्याचा विचारायचा: कुठलं, किती, आणि आमचा हंडा भरल्यावर की आधी? उत्साह उत्साहाच्या जागी.

पुतणी माझ्या फुग्याला अधूनमधून टाचणी लावते. ग्रॅममध्ये जमलेलं टनात जमेलच असं नसतं, प्लॅटिनम महाग आहे, तुसाच्या वायूत डांबर असतं ते भुकटी खराब करतं, गावोगावचं तूस गोळा करून आणण्याचाच खर्च इतका की हिशेब कोलमडतो. शेवटचा मुद्दा मला तिच्यापेक्षा जास्त कळतो; ट्रॉलीचं भाडं मी भरतो. पण त्याच पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर यांनी मिळून बनवलेली हायड्रोजनची बस लोकांसमोर आली. तिच्या इंधन-घटात हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन भेटून वीज होते, आणि बाहेर पडतं पाणी. तिथे भेट कोण घडवतं? पुन्हा प्लॅटिनमच! स्टँडवरच्या त्या मोटारसायकलवाल्याला हेही सांगायचं होतं, पण तो आता दुसऱ्या टपरीवर चहा घेतो.

माझं मत विचाराल तर सौर पॅनेलचं आणि पवनचक्कीचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ झालं, कारण ती दिसतात. भुकटी दिसत नाही. नळीच्या पोटात, भट्टीच्या आत बसून ती काम करते, म्हणून तिच्यावर ना अग्रलेख येतो ना मिरवणूक निघते. हा अन्याय आहे, आणि निदान मुरबाड तालुक्यापुरता तो मी दूर करायचं ठरवलंय.

म्हणून एक सांगणं. सरळगाव, धसई, किन्हवली, खर्डी, वाशिंद, जिथे कुठे घरात बारावी सायन्सचं पोर असेल आणि केमिस्ट्री म्हणजे पाठांतर असं म्हणत असेल, त्याला हे वाचून दाखवा. आयसीटीत केमिकल इंजिनिअरिंगला राज्यातल्या मुलांचा प्रवेश एमएचटी-सीईटीच्या गुणांवर होतो. शहापूरच्या मुलाला आसनगावहून लोकल आहे. मुरबाडकराला एसटीने आधी कल्याण गाठावं लागेल. माटुंग्याला जलद गाडी थांबत नाही, दादरला बदला. आणि शिकून झाल्यावर कोणाला प्रयोगासाठी तूस लागलंच तर माझ्याकडे ढीगभर आहे. पैसे घेणार नाही, पिशवी तेवढी घरून आणा.